मुलांच्या मेंदूला वेळ द्या
बडोद्याच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
नगर प्राथमिक शिक्षण समिती,
वडोदरा महानगरपालिका

महोदय,



बडोद्यात माझी सारी नोकरी जीवशास्त्र शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर दांडिया बाजार परिसरातल्या मुलांचा अभ्यास मी संध्याकाळी घरी घेते. त्यांतली बरीच मुले समितीच्या शाळांत जातात. समितीने गुजरातीबरोबर मराठी माध्यमाचे वर्गही चालवले आहेत, त्यामुळे हे पत्र मराठीतून लिहिताना मला परकेपणा वाटत नाही. मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकते. शाळांचे वेळापत्रक असे आखा की शिकवलेला प्रत्येक महत्त्वाचा धडा काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी आणि मग पुढच्या सत्रात मुलांसमोर पुन्हा येईल. त्यासाठी ना नवी इमारत लागते, ना नवी यंत्रे. लागतो तो ठरवून राखलेला वेळ. हा वेळ मी का मागते आहे, हे कळावे म्हणून शिकताना मेंदूत काय घडते ते जरा सविस्तर मांडते.

सुरुवात आपल्याच शहरातल्या एका विद्यार्थ्यापासून करते. १८७५ च्या मे महिन्यात नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक होऊन सयाजीराव या नावाने बडोद्याच्या गादीवर आला. लिहिण्यावाचण्याचा त्याला तोवर जवळजवळ गंध नव्हता. त्याच वर्षाच्या अखेरीस एफ. ए. एच. इलियट त्याचे शिक्षक म्हणून आले. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी आणि इतर विषयांचा अभ्यास सुरू झाला. डिसेंबर १८८१ मध्ये अठरा वर्षांच्या सयाजीराव महाराजांनी राज्याचा पूर्ण कारभार हाती घेतला, तेव्हा ते वाचणारे, टिपणे काढणारे, प्रश्न विचारणारे राजे झाले होते. पुढे त्यांनी गावोगाव शाळा आणि ग्रंथालये नेली. बाराव्या वर्षी अक्षरे गिरवायला बसलेल्या मुलाच्या मेंदूत एवढा पालट झाला कसा?

या प्रश्नाचे उत्तर आज बऱ्याच अंशी देता येते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवले. शिकणाऱ्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. शिकण्याआधी आणि शिकल्यावर त्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले, तेव्हा दृष्टीचे काम पाहणारा मेंदूचा वरचा थर आणि त्याच कामातले खोलवरचे जुने भाग यांचा ताळमेळ वाढलेला दिसला. ज्या वयात ‘आता काय शिकणार?’ असे म्हणून लोक हात टेकतात, त्या वयात, केवळ सहा महिन्यांत हे झाले. मग सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या मेंदूत केवढी शक्यता असेल!

महोदय, हे बदल नेमके कुठे होतात? माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. एकेका पेशीचे इतर पेशींशी हजारो जोड असतात, त्यांना सिनॅप्स म्हणतात. १८७३ मध्ये इटलीच्या कामिलो गोल्जी यांनी चांदीच्या क्षाराने पेशी रंगवण्याची पद्धत शोधली. या पद्धतीत मेंदूच्या पातळ कापातल्या अगदी थोड्या पेशी रंगतात, पण ज्या रंगतात त्या आपल्या सगळ्या फांद्यांसकट काळ्याभोर होऊन पिवळसर पार्श्वभूमीवर उठून दिसतात. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांना १८८८ मध्ये अशाच कापांत पेशींच्या फांद्यांवर दाटीने उगवलेले बारीक उंचवटे दिसले. पुष्कळांनी ते रंगाचे डाग म्हणून सोडून दिले. काहाल मात्र आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले आणि तेच बरोबर ठरले. या उंचवट्यांना आज स्पाइन म्हणतात. एका पेशीकडून आलेला संदेश दुसरी पेशी बहुतेक वेळा अशाच एका उंचवट्यावर झेलते.

एक उंचवटा जवळून पाहू. त्याची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. पक्का झालेला उंचवटा छोट्या अळंबीसारखा दिसतो, खाली बारीक देठ आणि वर फुगीर टोपी. टोपी जितकी मोठी, तितकी संदेश झेलण्याची साधने तिच्यात जास्त आणि तो जोड तितका बळकट. नुकताच फुटलेला उंचवटा लांबट आणि सडपातळ असतो. तो टिकेलच याची खात्री नसते. मुलाने धडा शिकला म्हणजे त्याच्या मेंदूत असे काही जोड नव्याने झाले आणि काही होते ते बळकट झाले. आठवणीला अशी काया असते आणि ती घडायला वेळ लागतो.

१९४९ मध्ये, म्हणजे आपले महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले त्याच वर्षी, कॅनडाच्या डोनाल्ड हेब यांनी एक विचार मांडला. एक पेशी दुसरीला पुन्हा पुन्हा चेतवत राहिली की त्या दोघींमधला जोड बदलतो आणि पुढे तो संदेश सहज जातो, असे त्यांचे म्हणणे होते. १९७३ मध्ये टिमोथी ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या भागात, असे बळकट झालेले जोड तासन्‌तास तसेच राहतात हे दाखवून दिले.

शाळेच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा पुरावा ॲप्लिशिया नावाच्या समुद्री गोगलगाईने दिला. तिच्यावर काम करणाऱ्या एरिक कँडेल यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. शेपटीला एकदा धक्का दिला तर ही गोगलगाय काही मिनिटेच सावध राहते. तसेच धक्के काही दिवसांत विभागून दिले तर तिची सावधगिरी आठवडेच्या आठवडे टिकते. दोन्ही वेळी आत घडते ते निराळे असते. थोड्या वेळाच्या आठवणीत आहे त्याच जोडांची रासायनिक ताकद वाढते. दीर्घकाळाच्या आठवणीत पेशीच्या केंद्रातली जनुके कामाला लागतात, नवी प्रथिने तयार होतात आणि नवे जोड फुटतात. क्रेग बेली आणि मेरी चेन यांनी हे जोड मोजले. एका संवेदी पेशीचे सुमारे १,३०० जोड अशा दीर्घ शिक्षणानंतर दुपटीच्या घरात गेले होते.

जनुके चालू होणे, प्रथिने बनणे, जोड फुटणे या कामांना तास आणि दिवस लागतात. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या एका तासिकेत त्यांची फक्त सुरुवात होते. धडा पुन्हा समोर आला नाही तर सुरू झालेले काम बहुधा अर्धवट राहते. २००९ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगातही हेच दिसले. बारीक फटीतून पंजा घालून दाणा उचलायला उंदराला शिकवले, तेव्हा पहिल्या सरावानंतर तासाभरातच हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागात नवे उंचवटे फुटले. सराव चालू राहिला तसे त्यांतले काही पक्के झाले आणि पुढे टिकले. नवे कौशल्य शिकवले की उंचवटे दुसरीकडे फुटले. पहिल्या दिवशीच्या यशावर काहीच ठरत नाही. पुढच्या दिवसांत ते काम पुन्हा केले गेले का, यावर सारे ठरते.

बडोद्याला हे नवे वाटू नये. १८८६ मध्ये मौलाबक्ष यांनी इथे गायनशाळा सुरू केली. तीच परंपरा पुढे विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्‌स विद्याशाखेत आली. आजही सूरसागर तलावाच्या बाजूने जाताना तबल्याचा एखादा कायदा सावकाश लयीत, मग दुगुणीत वाजताना ऐकू येतो. कालचा कायदा आज पुन्हा वाजतो आणि आठवड्याने नवा शिकवतानाही आधी जुना हातावर घेतात. जुम्मादादा व्यायाम मंदिरासारख्या तालमीत शिकलेल्या कुणालाही विचारा. मल्लखांबावरची पकड एका दिवसात येत नाही आणि ती आली म्हणून कुणी तिचा सराव सोडत नाही. संगीताला आणि व्यायामाला या शहराने रियाजाचा मान दिला, गणिताला आणि भाषेला मात्र दिला नाही. गणिताचा धडा एकदा शिकवून होतो, त्याची परीक्षा होते, वहीवर बरोबरची खूण पडते आणि तो मागे राहतो.

याचा परिणाम मी रोज पाहते. सहावीतल्या एका हुशार मुलीला चाचणीत अपूर्णांकांच्या बेरजेचे पूर्ण गुण मिळाले होते. काही आठवड्यांनी मी तिला सहज विचारले, एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश किती? तिने वर वर मिळवले, खाली खाली मिळवले आणि आत्मविश्वासाने लिहिले, दोन पंचमांश. मी तिच्यासमोर कागदाची पट्टी धरली, अर्ध्यात दुमडली आणि विचारले, दोन पंचमांश अर्ध्याहून जास्त की कमी? ती बराच वेळ पट्टीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, कमी. मग अर्ध्यात आणखी भर घालून उत्तर कमी कसे येईल? तिचे डोळे विस्फारले, पेन्सिल वेगाने चालली आणि सहा छेदाने पाच षष्ठांश आले. त्यानंतर मी तसलेच गणित तिला दोन दिवसांनी, आठवड्याने आणि महिन्याने घातले. आता ती चुकत नाही. तिच्यात कमी काहीच नव्हते. तिला तो धडा पुन्हा भेटला नव्हता, इतकेच.

पुन्हा भेटणे म्हणजे पुन्हा वाचणे एवढेच नव्हे. २००६ मध्ये अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना काही उतारे दिले. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदाच वाचला आणि मग मिटल्या पुस्तकाने तीनदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिले तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटे झाले. वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. मनातून काढण्याचा तो प्रयत्नच आठवण पक्की करतो. आमच्या आजीच्या पिढीने दिवेलागणीला पाढे, पावकी, निमकी, दिडकी, औटकी म्हणून घेतली, ती पुस्तक न बघता आणि वर्षानुवर्षे. पाठांतराला नावे ठेवण्याची आज रीत झाली आहे, पण रोज मिटल्या डोळ्यांनी म्हणण्याची ती शिस्त लहान गोष्ट नव्हती. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यजुर्वेदाच्या २१ पठणकर्त्यांच्या मेंदूची तुलना इतर २१ जणांशी केली होती. भाषा आणि स्मृती यांच्याशी संबंधित भागांत पठणकर्त्यांचा करडा थर अधिक भरलेला आढळला. अर्थ समजून घेणे आणि पुन्हा पुन्हा आठवणे यांत वैर नाही. मुलाला दोन्ही द्यायला हवे.

आता झोपेविषयी. २०१४ मध्ये वेन-बियाव गान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना फिरत्या दांड्यावर तोल सांभाळत धावायला शिकवले. शिकल्यानंतर जे झोपले त्यांच्या पेशींच्या ठरावीक फांद्यांवर नवे उंचवटे भरपूर फुटले. ज्यांना जागे ठेवले त्यांच्यात ते फार कमी दिसले आणि नंतर जादा सराव देऊनही ती उणीव भरून निघाली नाही. उंदीर आणि मूल यांत अंतर आहे, हे मला ठाऊक आहे. तरी शिकलेले पक्के व्हायला झोप लागते, हे माणसांवरच्या अभ्यासांतही वारंवार आढळले आहे. आपल्या शहरात नवरात्रात मुले मध्यरात्रीपर्यंत गरब्यात असतात. तो आपला सण आहे, त्याचा आनंद मुलांनी घ्यायलाच हवा. मात्र त्या दिवसांत आणि त्यांना लागून चाचण्या ठेवू नका, नवे अवघड धडे काढू नका. त्या दिवसांत जुन्याची उजळणी करा. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून अभ्यास करण्याची सवय शाळेने कौतुकाने पाहू नये, हेही पालकसभेत स्पष्ट सांगायला हवे.

तिसरी गोष्ट भीतीची. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चॅटर्जी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ताणाचा अभ्यास केला. उंदरांना रोज दोन तास, असे दहा दिवस हालचाल करता येणार नाही असे अडकवून ठेवले. हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखूड झाल्या. भीतीशी संबंधित असलेल्या अमिग्डालात मात्र त्या वाढल्या. ताण संपल्यावर हिप्पोकॅम्पस सावरला, पण अमिग्डालातली वाढ २१ दिवसांनंतरही तशीच होती. म्हणजे सततचा धाक शिकण्याची जागा आक्रसतो आणि भीतीची जागा रुंदावतो, आणि ती भीती प्रसंग सरल्यावरही मागे उरते. वर्गापुढे उभे करून मुलाचा पाणउतारा करणे, गुणांच्या याद्या मोठ्याने वाचणे, उत्तर चुकले की हसणे, या गोष्टी किरकोळ मानून आपण सोडून देतो. त्यांची किंमत मुलाच्या मेंदूला मोजावी लागते. आठवून पाहण्याचा सराव हवा असेल तर चुकण्याची मोकळीक हवी. या दोन गोष्टी बरोबरच जातात.

समितीची अडचण मला कळते. अभ्यासक्रम वेळेत संपवायचा असतो. शिक्षकांना मतदारयादीपासून जनगणनेपर्यंत कामे असतात. एकेका वर्गात वेगवेगळ्या तयारीची मुले असतात. एकम कसोटी या नावाने गुजरातच्या प्राथमिक शाळांनी नियमित चाचण्याही घेतल्या आहेत, मग आणखी काय हवे, असे आपण विचाराल. पण चाचणीचे गुण मांडण्यात शिक्षकाचा वेळ जातो आणि तो धडा तिथेच संपतो. मला हवी आहे ती बिनगुणांची आठवण. तिची नोंद ठेवायची नाही, तिच्यावरून मुलाची वा शिक्षकाची प्रतवारी करायची नाही. अभ्यासक्रम संपण्याबद्दल म्हणाल, तर जो जूनमध्ये संपला आणि दिवाळीपर्यंत विसरला गेला, तो संपला कसा म्हणायचा? पुढच्या वर्गातल्या शिक्षकाला तोच धडा पुन्हा शिकवावा लागतो. तेव्हा वेळ वाचत नाही, दुप्पट जातो.

म्हणून माझ्या मागणीचे तपशील असे:

१. गणित आणि भाषा यांच्या प्रत्येक तासिकेची पहिली दहा मिनिटे जुन्या धड्यांसाठी राखावीत. कालचा एक प्रश्न, गेल्या आठवड्यातला एक आणि गेल्या महिन्यातला एक. पुस्तक मिटलेले, गुण नाहीत, उत्तर लगेच फळ्यावर.

२. महिन्यातला एक शनिवार नव्या धड्यांपासून मोकळा ठेवावा आणि त्या दिवशी फक्त मागचे व्हावे.

३. उन्हाळ्याच्या सुटीनंतर जूनचे पहिले दोन आठवडे मागच्या इयत्तेसाठी द्यावेत आणि तसे लेखी परिपत्रक काढावे, म्हणजे शिक्षकाला कुणी ‘मागे का?’ म्हणून विचारणार नाही.

४. वार्षिक नियोजनात सणांच्या जागरणाच्या दिवसांना लागून परीक्षा ठेवू नयेत.

५. संगीत आणि खेळ यांच्या तासिका इतर विषयांसाठी उचलून घेण्यास मनाई असावी.

६. चुकलेल्या उत्तरावरून मुलाचा अपमान होणार नाही, याची जबाबदारी मुख्याध्यापकांवर सोपवावी.

हे सारे एकदम सगळ्या शाळांत करा, असा माझा हट्ट नाही. सक्तीचे शिक्षण हा सयाजीरावांचा सर्वांत धाडसी निर्णय. तोही त्यांनी १८९३ मध्ये आधी अमरेली तालुक्यात राबवून पाहिला, तिथल्या अडचणी ओळखल्या आणि १९०६ मध्ये साऱ्या राज्याला लागू केला. आपणही थोड्या शाळा निवडाव्यात. त्यांत किमान एक मराठी माध्यमाची असावी आणि एक अशी, जिथली बहुतेक मुले घरातली पहिलीच शिकणारी आहेत. अशा मुलांना घरी उजळणी करून घेणारे कुणी नसते. शिकवणीचे पैसे भरणाऱ्या घरातल्या मुलाला धडा दुसऱ्यांदा भेटतो तो शिकवणीत. कामवाल्या बाईच्या, रिक्षावाल्याच्या मुलाला तो शाळेत भेटला नाही तर कुठेच भेटत नाही. माझ्या आग्रहाचे खरे कारण हेच आहे. शिक्षण सक्तीचे करून या शहराने गरिबाच्या मुलाला वर्गात जागा दिली. तिथे बसून तो जे शिकतो ते त्याच्यापाशी राहील एवढा वेळ त्याला देणे, हे त्या निर्णयाचेच उरलेले काम आहे आणि ते समितीच्या अखत्यारीत येते.

निवडलेल्या शाळांतल्या शिक्षकांबरोबर बसून उजळणीचे प्रश्न तयार करायला मी विनामूल्य येईन. शहरातल्या माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकांनीही यात हातभार लावावा, अशी या पत्रातून त्यांना विनंती करते. नव्या शैक्षणिक वर्षाच्या नियोजनाची बैठक होण्याआधी हा विषय समितीच्या कार्यसूचीवर घ्यावा आणि जो काही निर्णय होईल तो कारणांसह जाहीर करावा, ही आग्रहाची विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका
दांडिया बाजार, वडोदरा